बाबांच्या सर्दीचं भारदस्त नाव

माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं असतात आणि त्यांतल्या एकाचंही नाव आपल्या आईनं ठेवल्यासारखं वाटत नाही, हा शोध मंजुश्रीला अकरावीत गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात लागला.

मोताळ्याच्या तिच्या शाळेत त्या वर्षी 'आरोग्यसेवा' हा नवाकोरा विषय आला होता. पहिल्या तासाला मॅडमनी फळ्यावर 'गॅस्ट्रोएंटेरायटिस' असा शब्द लिहिला. तो लिहिता लिहिता खडू तुटला आणि मागच्या तीन बाकांवरच्या मुलांनी तिथल्या तिथे विषय बदलायचं ठरवलं. पण मॅडम म्हणाल्या, घाबरू नका, हा एक शब्द नाहीच. मलकापूरला फाटकात मालगाडी बघता ना, तसं बघा. गॅस्ट्रो म्हणजे जठर, हा एक डबा. एंटेरो म्हणजे आतडं, हा दुसरा. आयटिस म्हणजे सूज, हा शेवटचा गार्डाचा डबा. डबे ओळखा, गाडी आपोआप कळते.

मंजुश्रीला एकदम कोणीतरी तिजोरीची किल्ली हातात दिल्यासारखं झालं. ही तीच मंजुश्री, जी दहावीपर्यंत हजेरीला इतक्या हळू आवाजात "हजर" म्हणायची की वर्षातून पाच-सहा वेळा समोर बसूनही तिची गैरहजेरी लागायची. तीच आता तासाला उभी राहून, न विचारता, खणखणीत आवाजात सांगू लागली की टॅकी म्हणजे भरभर, ब्रॅडी म्हणजे हळू, हेमी म्हणजे अर्धं आणि ऑल्जिया म्हणजे दुखणं. दसऱ्यापर्यंत तिला चारशे डबे पाठ झाले. मग जिल्ह्याची कौशल्य स्पर्धा जाहीर झाली, बुलढाण्याला, दोन आठवड्यांनी शनिवारी. शाळेतून एकच नाव जाणार होतं आणि मॅडमनी ते लिहून टाकलं : मंजुश्री. तिच्या नावापुढे आजवर शाळेत काही लिहिलं गेलं असेल तर ते 'गैरहजर' एवढंच. त्यामुळे तिनं तो कागद तीनदा वाचला. आता फक्त पालकांच्या संमतिपत्रावर बाबांची सही हवी होती, ती आदल्या दिवशी, शुक्रवारी, चार वाजेपर्यंत शाळेत पोचली की झालं. एक सही. त्यात काय अवघड असणार, असं तिला वाटलं. मोठ्या संकटांच्या सुरुवातीला माणसाला नेहमी असंच वाटतं.

तयारीसाठी तिनं वेळापत्रक केलं. सोमवारी पचनसंस्था, मंगळवारी श्वसनसंस्था, बुधवारी रक्ताभिसरण, गुरुवारी हाडं आणि स्नायू, शुक्रवारी मेंदू. आणि सरावाला माणसं कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. गल्ली भरलेली होती. माणूस म्हटला की त्याचं काही ना काही दुखतंच.

सुरुवात घरातूनच झाली. आईचा, म्हणजे सिंधूताईंचा, उजवा गुडघा अकरा वर्षं नुसताच दुखत होता. मंजुश्रीनं त्याला 'आर्थ्राल्जिया' असं नाव दिलं. आर्थ्रो म्हणजे सांधा, ऑल्जिया म्हणजे दुखणं. आईनं पोळी तव्यावर ठेवून तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की जणू गुडघ्याचं बारसंच झालं. दुखणं तेवढंच राहिलं, पण आता ते नाव-गाव असलेलं दुखणं होतं.

पलीकडच्या सुभद्राबाईंना ऊन लागलं की अर्धं डोकं दुखायचं. त्यांना 'हेमिक्रेनिया' मिळाला. हेमी म्हणजे अर्धं, क्रेनिया म्हणजे कवटी. सुभद्राबाईंनी ही बातमी आठवडी बाजारात भाजी घेता घेता मेथीवाल्यापासून मिरचीवाल्यापर्यंत सगळ्यांना दिली. ती ऐकून समोरचे अब्दुल गनी चाचा दुसऱ्या दिवशी स्वतः आले. चाचांचा गाद्या भरायचा धंदा, दिवसभर मान खाली घालून टाके घालायचे, त्यामुळे मान धरलेली. त्यांची नात यास्मीन ही मंजुश्रीची वर्गमैत्रीण, म्हणजे घरचंच प्रकरण. मंजुश्रीनं त्यांना 'सर्व्हायकाल्जिया' दिला. चाचांनी बोटांवर अक्षरं मोजली, सुभद्राबाईंच्यापेक्षा जास्त भरली, आणि खूश होऊन मान वाकडी ठेवूनच घरी गेले. एकूण पहिल्याच आठवड्यात गल्लीत कोणी कोणाला "काय म्हणता, बरं हाये ना?" असं विचारायची सोय राहिली नव्हती, कारण पुढचा माणूस लॅटिनमध्ये उत्तर द्यायचा.

असं सगळं छान चाललेलं असताना स्पर्धेच्या आठवड्यातला मंगळवार उजाडला आणि बाबा शिंकले.

हे बाबा म्हणजे दयारामभाऊ. तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळणारे लिपिक. नोकरी अठरा वर्षं, आणि या अठरा वर्षांची कमाई म्हणजे हात असलेली खुर्ची. हात असलेली खुर्ची म्हणजे काय ते ज्याला नुसत्या स्टुलावर बसून बारा वर्षं टपाल लिहावं लागलंय त्यालाच कळेल. ते सोमवारी शिंकले असते, तर मंजुश्री पचनसंस्थेत गुंतलेली होती, शिंक हवेत विरून गेली असती. पण मंगळवार होता. श्वसनसंस्था.

नाक गळत होतं, घसा खवखवत होता, अंग मोडून आलं होतं. बाबांनी एक दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज लिहायला घेतला. त्यांचा मजकूर ठरलेला : 'अंगात कसकस असल्याने कार्यालयात येऊ शकत नाही.' मंजुश्रीनं तो खांद्यावरून वाचला आणि तिला फार वाईट वाटलं. अठरा वर्षं कसकस. एवढा जबाबदारीचा माणूस आणि आजार मात्र असा फाटक्या चपलेसारखा.

तिनं पेन हातात घेतलं आणि लिहिलं : 'मला अॅक्यूट नेझोफॅरिंजायटिस झाला असून सोबत सेफॅल्जिया, मायाल्जिया व ऱ्हायनोरिया ही लक्षणे आहेत.' अॅक्यूट म्हणजे अचानक आलेला, नेझो म्हणजे नाक, फॅरिंगो म्हणजे घसा, आयटिस म्हणजे सूज. बाकीची तीन म्हणजे डोकं दुखतं, अंग दुखतं आणि नाक गळतं. शब्दन् शब्द खरा होता. डॉक्टरांच्या पुस्तकात सर्दीला हेच म्हणतात. बाबांनी अर्ज दोनदा वाचला. त्यांची पाठ नकळत ताठ झाली. शिंकसुद्धा पुढची जरा वजनदार आली. त्यांनी सही केली आणि अर्ज शेजारच्या गल्लीतल्या अश्वजितभाऊंबरोबर धाडला.

अश्वजितभाऊ त्या कार्यालयाचे शिपाई. माणूस अत्यंत विश्वासू, पण बंद पाकिटाचा त्यांना लहानपणापासून त्रास होतो. बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी अर्ज उघडला, वाचायचा प्रयत्न केला, आणि टपरीवाल्याला वाचायला दिला. तिथं मलकापूरच्या गाडीची वाट पाहत पंधरा माणसं उभी होती. अर्ज सगळ्यांच्या हातून फिरून परत आला तेव्हा त्याच्यावर चहाचा एक गोल डाग होता आणि मोताळ्यात दयारामभाऊंचं काही खरं नाही ही गोष्ट पक्की झाली होती.

साडेदहाला पहिले पाहुणे आले.

आता इथं एक रीत सांगितली पाहिजे. या भागात कोणी आजारी पडलं की त्याला भेटायला जातात, आणि रिकाम्या हातानं जात नाहीत. बिस्किटाचा पुडा, नाहीतर अर्धा डझन केळी. आजाऱ्याच्या तोंडावर आजाराचं नाव काढायचं नाही, त्याच्यासमोर पाऊसपाणी आणि कपाशी बोलायची. आजाराची चौकशी आत स्वयंपाकघरात, खालच्या आवाजात. आणि घरच्या माणसांनी, आजार कितीही मोठा असला तरी, भेटायला आलेल्यांना एकच सांगायचं : "काही नाही हो, साधी सर्दी हाये." रुग्णाचा धीर खचू नये म्हणून. मग पाहुण्यानं मान डोलवायची, समजून घ्यायचं, आणि बाहेर पडल्यावर डोळे पुसायचे.

बाबा तेव्हा अंगणात लुंगी नेसून पाण्याच्या मोटारीचा वॉल्व्ह उघडत होते. गवती चहानं त्यांना बरंच बरं वाटत होतं. आईनं दारातून बिस्किटाचे चार पुडे येताना पाहिले आणि ती धावत गेली. लोक बिस्किटं घेऊन आले आणि तुम्ही मोटार दुरुस्त करून राह्यले, बरं दिसते का, असं म्हणून तिनं त्यांना आत ओढलं, पलंगावर आडवं केलं आणि हनुवटीपर्यंत दुलई ओढली. ऑक्टोबरच्या उन्हात दुलईखाली बाबा असे घामेघूम झाले की आलेल्या प्रत्येकाची खात्रीच पटली.

सुभद्राबाईंनी स्वयंपाकघरात मंजुश्रीला कोपऱ्यात घेतलं आणि खरं काय ते विचारलं.

"काकू, खरंच काही नाही. साधी सर्दी हाये."

सुभद्राबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं आणि थोपटत म्हणाल्या, "हिंमतीची हायेस हो पोरी."

मंजुश्रीला काय होऊन बसलंय ते त्या खांद्यावरच कळलं. तिनं नंतर आलेल्यांना नाक दाखवलं, घसा दाखवला, शब्द फोडून सांगितला, हात जोडून सांगितला. जितकं ती 'सर्दी' म्हणे तितका माणसांचा चेहरा पडे.  गनी चाचा तर घरी गेले आणि नवी कोरी, दाबून भरलेली गादी डोक्यावर घेऊन आले. "बेटा, दयारामभाऊले याच्यावर निजव. अब जित्ते दिन आराम मिले उत्ता अच्छा," असं म्हणून त्यांनी वाकड्या मानेनं डोळे टिपले. दुलईखालून बाबांनी हे ऐकलं. जितके दिवस म्हणजे किती दिवस, हा प्रश्न त्यांना त्यानंतर दुपारभर झोपू देईना.

संध्याकाळपर्यंत घरात बिस्किटाचे एकतीस पुडे आणि केळ्यांच्या नऊ फण्या जमल्या. मंजुश्री आणि यास्मीननं ते सगळं कपाटावर रचलं. घर आता किराणा दुकानासारखं दिसू लागलं होतं.

बुधवारी दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे दुसरबीडची राखीआत्या आली. तिला बातमी कोणी दिली हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण ती तीन गाड्या बदलून आली आणि गल्लीच्या तोंडापासूनच तिनं रडायला सुरुवात केली. ती रडत घरात शिरली तेव्हा बाबा ठणठणीत बरे होऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून ऑफिसला निघत होते. आत्यानं त्यांना तसं उभं पाहिलं आणि दिवा विझायच्या आधी मोठा होतोच, असं आईच्या कानात सांगून ती दुप्पट रडली.

दुसरी गोष्ट ऑफिसात झाली आणि ती वाईट होती. कार्यालयात तीन आठवड्यांपूर्वी नवे साहेब आले होते. नियमाचा माणूस. नियम नसेल तिथं ते नवा करायचे. बाबा दारात पोचताच साहेबांनी त्यांना हातानंच उंबऱ्याबाहेर थांबवलं आणि रुमाल नाकाला लावला. मग म्हणाले, किरकोळ रजा ही किरकोळ कारणासाठी असते आणि तुमचं कारण किरकोळ नाही, सबब अर्ज नामंजूर. असा आजार संसर्गजन्य असू शकतो, त्यामुळे कार्यालयाच्या हितासाठी आदेश काढला आहे : सदर आजार असलेल्या कोणाही कर्मचाऱ्यानं सरकारी डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणल्याशिवाय रुजू होऊ नये. बाबा म्हणाले, साहेब, सर्दी होती. साहेबांनी मान डोलवली. तीच ती, समजून घेणारी. आणि म्हणाले, धीर धरा.

त्यांच्या खांद्यावरून बाबांना आतलं दिसत होतं. आवक-जावकच्या टेबलाशी दुसराच लिपिक बसला होता. हात असलेल्या खुर्चीत. दोन्ही हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर ठेवून.

गुरुवारी बाबा सरकारी दवाखान्यात गेले. दीड तास रांगेत उभे राहिले, ज्यामुळे बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा थोडं आजारी वाटू लागतं. डॉक्टर समता मॅडमनी तपासलं आणि तुम्हाला काही झालेलं नाही म्हणाल्या. बाबांनी तसं लिहून मागितलं. मॅडम म्हणाल्या, काय झालं होतं? बाबा म्हणाले, सर्दी. मॅडम म्हणाल्या, सर्दीचं तंदुरुस्ती प्रमाणपत्र मी दिलं तर उद्या जांभईचं मागायला येतील. मग बाबांनी नाइलाजानं अर्जाची प्रत पुढे केली. मॅडमनी ती वाचली, चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, हे निदान कुठल्या डॉक्टरांनी केलं? बाबा भिंतीवरच्या डासांच्या तक्त्याकडे बघत म्हणाले, घरच्या. मॅडम म्हणाल्या, त्याच डॉक्टरांकडून घ्या मग. आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं.

दवाखान्याबाहेर अश्वजितभाऊ भेटले. त्यांनी व्यवहारी सल्ला दिला : दयारामभाऊ, मी तो जुना अर्ज गहाळ करतो, तुम्ही मागची तारीख टाकून कसकसवाला नवा द्या, साहेबाले काय समजते. पण बाबांना ते जमणारं नव्हतं. सरकारी कागदावर जे घडलं नाही ते लिहायचं नाही, हा त्यांचा एकमेव शौक होता. लोक पत्ते खेळतात, बाबा खरं लिहितात.

घरी आले ते थेट मंजुश्रीसमोर उभे राहिले. ती पलंगावर हाडांचा तक्ता पसरून बसली होती. शेजारी आत्या आल्याचा काढा ढवळत होती, दारात सुभद्राबाई आणि गनी चाचा आजचा अंदाज घ्यायला आलेले. बाबा आरडाओरडा करणारे नव्हेत. ते हळू बोलले, म्हणून ते जास्त लागलं.

"पोरी, अठरा वर्षांत मले कोणी माह्या ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं नव्हतं. तुह्या त्या एका शब्दानं केलं. आता स्पर्धा नाही अन् काही नाही."

सोमवारी तिनं सहीसाठी दिलेलं संमतिपत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. ते त्यांनी बाहेर काढलं नाही. तक्ता मात्र गुंडाळून कपाटावर, बिस्किटांच्या मागे ठेवून दिला.

यावर गल्लीनं सल्ले दिले. सुभद्राबाईंच्या मते मंजुश्रीनं आता शिवणक्लास लावावा, तिथं शब्द कमी असतात. आत्याच्या मते दुसरबीडला एक जाणता माणूस होता, पण तो फक्त गुरांचं बघायचा. गनी चाचा म्हणाले, बेटा, माफी मांग और चुप बैठ.  मंजुश्रीला पुन्हा ती हजेरीची वही दिसू लागली आणि तिच्यातला तो लाल 'ग'. रडायला येत होतं, पण घरात रडायची जागा आत्यानं आधीच घेतलेली होती.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती यास्मीनला म्हणाली, "मी सगळ्यांले सर्दी सर्दी सांगितलं, तिथंच चुकलं. घरच्यानं सांगितलेली सर्दी कोणी मानत नाही. त्यांच्याच तोंडून निघाली पायजे." यास्मीन म्हणाली, "मंग चल ना." आणि डबा अर्धा टाकून दोघी बाबांच्या ऑफिसकडे निघाल्या. मंजुश्रीची छाती धडधडत होती. टॅकीकार्डिया, तिनं मनातल्या मनात म्हटलं, टॅकी म्हणजे भरभर, कार्डिया म्हणजे हृदय. नाव दिल्यावर ते थोडं कमी झालं.

बाबा उंबऱ्याबाहेर बाकावर बसले होते. सकाळी वेळेवर येऊन तिथं बसले होते, हजेरी लागणार नसली तरी. तिला पाहून उठायच्या आत ती आत गेली होती.

आत साहेब टेबलाशी बसले होते आणि त्यांचं नाक लाल होतं. टेबलावर वाफ घ्यायचं भांडं. डोळे पाणावलेले. मंजुश्रीच्या डोक्यात आनंदाची अशी काही लाट उसळली की तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं नमस्कार केला, मी दयारामभाऊंची मुलगी, तो अर्ज मी लिहिला, आणि पाच मिनिटं द्या, असं तिनं एका दमात सांगितलं. साहेबांना नाही म्हणायचं होतं, पण त्यांना शिंक आली आणि ती होऊन जाईपर्यंत तिनं वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'नेझोफॅरिंजायटिस'चे तीन डबे सुटे सुटे लिहून, कागद तीन ठिकाणी फाडून तुकडे वाटलेसुद्धा. 'नेझो' साहेबांच्या हातात दिला. 'फॅरिंगो' अश्वजितभाऊंच्या. आणि 'आयटिस' त्या हात असलेल्या खुर्चीतल्या लिपिकाच्या.

"साहेब, नेझो म्हणजे हे," असं म्हणून तिनं स्वतःच्या नाकाला बोट लावलं. साहेबांचा हात आपोआप नाकाकडे गेला. अश्वजितभाऊंना तिनं घसा धरायला लावला. त्यांनी तो इतका मनापासून धरला की यास्मीनला हसू आवरेना. खुर्चीतल्या लिपिकाला काहीतरी सुजल्याचं दाखवायचं होतं. त्यानं गाल फुगवले. आता ऑफिसातली बाकीची माणसंही उठून गोळा झाली होती आणि बाबा उंबऱ्याच्या बाहेरून, पण मान आत घालून, बघत होते.

"आता सगळे मिळून काय झालं ते साहेबांनी सांगावं," मंजुश्री म्हणाली.

साहेबांनी नाकावर बोट ठेवूनच विचार केला. "नाक... घसा... सूज. म्हणजे नाक अन् घशाला सूज येते. नाक गळते. घसा खवखवते." त्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला. "डोकं जड होते. अन् मग..." आणि त्यांना शिंक आली. एक नव्हे, लागोपाठ चार.

"सर्दी," सगळं ऑफिस एका आवाजात म्हणालं.

बाहेरच्या बाकावरची दोन कामासाठी आलेली माणसंसुद्धा म्हणाली. मंजुश्री काहीच म्हणाली नाही. हे फार अवघड होतं, पण तिनं जमवलं.

साहेबांनी रुमाल शोधला. मग त्यांच्या नियमाच्या डोक्यात काहीतरी हललं आणि त्यांनी विचारलं, असा आजार असलेल्यानं प्रमाणपत्राशिवाय कार्यालयात बसू नये, हा आदेश कोणी काढला? अश्वजितभाऊ घसा धरूनच, अत्यंत आदरानं म्हणाले, "आपणच साहेब. बुधवारी."

 साहेबांना समोर सरकारी दवाखान्याची दीड तासाची रांग दिसली असावी. त्यांनी आदेशाची फाइल मागवली, आदेशावर दोन तिरक्या रेघा मारल्या आणि बाबांच्या अर्जावर, चहाच्या डागाच्या बाजूला, लाल शाईनं लिहिलं : 'सदर आजाराची तपासणी केली असता तो किरकोळ आढळून आला. सबब किरकोळ रजा मंजूर. रुजू करून घ्यावे.'

गाल फुगवलेला लिपिक खुर्चीतून उठला. गाल सोडायला मात्र तो विसरला होता. बाबा आत आले, टेबलाला वळसा घालून गेले, आणि खुर्चीत बसण्याआधी त्यांनी तिचे दोन्ही हात रुमालानं पुसले.

फाइल सापडून शिक्का बसेपर्यंत साडेतीन वाजले होते.

मंजुश्री टेबलासमोर उभी राहिली. अर्ध्या तासात शाळेत कागद पोचवायचा होता. इतकी माणसं बोलती करून आता तिचीच गाडी अडली. यास्मीननं मागून कोपर मारलं. बाबांनी टेबलावरचं टपाल सरळ केलं, शिक्क्याची डबी जागेवर ठेवली, आणि मग खिशातून घडी घातलेलं संमतिपत्र काढलं. उलगडलं. आवक-जावकवाल्या माणसाच्या सवयीनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.

"साहेबाच्या नाकाले हात लावाले लावलं तू," ते मान वर न करता म्हणाले.

"हाव बाबा."

"मले वाटलं तू भेशील."

"भेली होती ना. लई भेली होती."

बाबांनी पेनाचं टोपण काढलं. नाव, वर्ग, पत्ता भरला. तेवढ्यात मंजुश्रीला आतून काहीतरी चढत येताना जाणवलं. तिनं ते दाबलं, नाक धरलं, वर छताकडे पाहिलं, पण श्वसनसंस्था कोणाचं ऐकत नाही. ती अशी शिंकली की टेबलावरची तीन पाकिटं उडाली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. घसा सकाळपासून खवखवतच होता, पण आज शुक्रवार, मेंदूचा वार, म्हणून तिनं तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

बाबांचं पेन नेमकं शेवटच्या रकान्यावर होतं. 'विद्यार्थ्यास सध्या कोणताही आजार असल्यास त्याचा स्पष्ट उल्लेख करावा.'

त्यांनी रकाना पाहिला. लाल नाकाच्या मुलीकडे पाहिलं. ती काही सांगण्यासाठी तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी डाव्या हातानं तिला गप्प केलं आणि उजव्या हातानं, ठसठशीत अक्षरांत, लिहिलं : 'निरंक'.

सरकारी कागदावर दयारामभाऊंनी लिहिलेलं ते पहिलं धडधडीत खोटं. खालची सही मात्र नेहमीचीच होती, वळणदार, शेवटी दोन टिंबं दिलेली.